पाठीमागचं तू बघ

वहिनींनी देवाशी बोलणं टाकलं, त्याला त्या गुरुवारी सहा आठवडे पुरे झाले. भांडण एकतर्फी होतं. समोरच्याने चकार शब्द काढला नव्हता. पण म्हणून ते काही कमी कडाक्याचं नव्हतं.

नवऱ्याला झटका आला त्या सकाळी रुग्णवाहिकेत त्याच्या उशाशी बसून त्यांनी सबंध रस्ता दोनच गोष्टी मागितल्या होत्या. उजवा हात राहू दे आणि वाचा राहू दे. बाकी काय न्यायचं ते ने. आणि गेलं काय, तर नेमका उजवा हात आणि वाचा. डॉक्टरीणबाई कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावत होत्या, वहिनी मान डोलवत होत्या आणि मनात म्हणत होत्या, बरं. तुला ऐकू येत नसेल तर मीही बोलत नाही.

नवरा घरी आला तेव्हा त्याच्या तोंडात एकच शब्द उरला होता. "नाही." पाणी हवं का, नाही. कूस वळवू का, नाही. हवं असलं तरी नाही आणि नको असलं तरी नाही. कुठलं नाही म्हणजे हो, ते डोळ्यांवरून ओळखायचं. त्याची थोरली बहीण, म्हणजे वहिनींच्या नणंदबाई, मदतीला म्हणून बोचकं घेऊन राहायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. साठलेलं निघतंय आता." वहिनींना हसू आलं आणि मग त्या हसण्याचाच राग आला.

घरचा धंदा दोर वळण्याचा. बाजारात प्लास्टिकचे दोर ढिगाने मिळत, स्वस्त, रंगीत. तरी हातात न सटकणारा, तळवा न भाजणारा घायपाताच्या वाखाचा दोर मागणारी काही गिऱ्हाइकं होती. होडीवाले, तंबूवाले आणि उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे रंगारी. घरामागे ऐंशी पावलं लांबीची पत्र्याची शेड होती. तिच्या एका टोकाला लाकडी चाक, चाकाला लोखंडी आकडे. वहिनी चाक फिरवायच्या. नवरा कमरेभोवती वाखाचा पेंढा बांधून, त्याचं टोक आकड्याला अडकवून, चिमटीतून वाख सोडत सोडत उलटा चालत जायचा. आकडा फिरतोय, पीळ बसतोय आणि माणूस एकेक पाऊल मागे मागे. तीस वर्षं तो असाच चालला. त्यामुळे सगळी आळी त्याला उलटेराव म्हणायची. त्याचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं आणि आता इस्पितळाला.

उलटेरावांचा एक नियम होता. मागे वळून बघायचं नाही. मान वळली की चिमूट सैल पडते, आणि चिमूट सैल पडली की त्या जागी दोर बारीक होतो. वरून दिसत नाही, पण असतो. "मागे बघायला तू आहेस ना," ते म्हणायचे. आणि वहिनी चाक फिरवता फिरवता त्यांच्या पाठीमागचं बघायच्या. मांजर. दगड. थांबा, पोर आलंय. इतक्या वर्षांत उलटेराव एकदाच पडले. लग्नाला महिनाही झाला नव्हता, सकाळीच दोघांचं वाजलं होतं, आणि वाटेत बादली आहे हे वहिनींना दिसत असून त्या बोलल्या नव्हत्या. त्या पडण्याचा निम्मा दोष त्यांनी पुढे मान्य केला. निम्माच.

दुसरा नियम सासऱ्यांचा. तयार झालेला दोर शेडमधल्या तुळईवर टाकायचा, खाली फळी अडकवायची आणि ज्याने वळला त्याने तिच्यावर स्वतः बसायचं. मग हात हात सरकवत पुढचा तुकडा. संपूर्ण दोर असा बसून बघितल्याशिवाय दाराबाहेर जात नसे. सासरे एकदा पडून मनगट मोडून बसले, तर दोन दिवस खुशीत होते. माझं मोडलं, गिऱ्हाइकाचं नाही मोडलं, असं येईल त्याला सांगत होते. किती वेळ बसायचं, त्याचंही माप होतं. सासऱ्यांची एक प्रार्थना होती, ती सावकाश तीनदा म्हणायची. ती कुठल्या पोथीतली नव्हती. त्यांच्याही आधीच्या कुणीतरी फळीवर बसल्या बसल्या जोडलेली असावी.

देवा, माझा भार तुझ्यावर.
हाताला बळ दे, पिळाला ताण दे.
पुढचं मी बघतो, पाठीमागचं तू बघ.
हा दोर ज्याच्या हाती जाईल, त्याला संध्याकाळी घरी आण.
आणि तुटायचा असेल तर माझ्याखाली तुटू दे.

सव्वीस वर्षांत वहिनींनी ही प्रार्थना इतक्या वेळा ऐकली आणि म्हटली होती, की तिचा अर्थ केव्हाच पुसला गेला होता. घड्याळाच्या टिकटिकीला कुठे अर्थ असतो? आणि गोची झाली ती इथेच. वहिनींनी बोलणं टाकलं, तेव्हा प्रार्थना सोडली. प्रार्थना सुटली, तिच्याबरोबर फळीवर बसणंही सुटलं. दोन्ही गोष्टी त्यांच्या अंगात एकाच गाठीने बांधलेल्या होत्या. एक सोडताना दुसरीही निसटली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मधल्या काळात एकही दोर वळला गेला नव्हता. रंगारी आला तेव्हा वहिनी नाहीच म्हणणार होत्या. रंगारी उलटेरावांचं जुनं गिऱ्हाईक, पन्नाशीचा माणूस, चष्म्यावर कायम रंगाचे शिंतोडे. त्याचा दोर झिजला होता आणि पोस्टासमोरच्या सात मजली इमारतीचं काम अंगावर होतं. दुसरीकडून घ्या, असं तोंडावर आलं होतं. पण तो उलटेरावांच्या खाटेशी बसून त्यांचा डावा हात हातात घेऊन तासभर बोलत राहिला, उत्तरादाखल पंचवीस वेळा "नाही" ऐकून घेतलं आणि एकदाही दया आल्यासारखं तोंड केलं नाही. वहिनींनी वाख भिजत घातला.

आता उलट्या त्या चालणार आणि चाक नणंदबाई फिरवणार. आठ दिवसांपूर्वी नणंदबाईंनी सुचवलं होतं, की त्याला खुर्चीत बसवून चाकापाशी आणू या, डावा हात धड आहे, डॉक्टरही म्हणाल्या हात हलता ठेवा. वहिनींनी ते उडवून लावलं होतं. आजारी माणूस आहे वन्सं, चाकाचा दांडा नाही. त्यांनी नवऱ्याला आतल्या खोलीत पांघरुणात नीट गुंडाळून ठेवलं होतं. त्याचं खाणं त्या बघणार, त्याचं अंग त्या पुसणार, शेडही त्याच बघणार. कुणावर काही टाकायचं नाही. टाकून काय होतं, ते रुग्णवाहिकेत बघून झालं होतं.

नणंदबाई चाक छान फिरवायच्या, पण बोलायच्याही. धाकट्या जावयाच्या नोकरीपासून सुरुवात झाली. वहिनींच्या पाठीमागे काय आहे, हे बघायचं असतं, हे त्यांना दोनदा सांगून झालं होतं. त्या बघतही होत्या, जावयाचा विषय नसेल तेव्हा. दुसरा खांब गेला. तिसऱ्या खांबाजवळ वहिनींना पाठीमागे काहीतरी आहे असं वाटलं. काही आहे का, असं विचारता आलं असतं. पण विचारून खरं उत्तर मिळेल, हा भरवसाच त्यांच्यात उरला नव्हता. त्यांनी मान वळवली. मागे काही नव्हतं. त्यांनी मान पुढे केली आणि पुढचं पाऊल मागे टाकलं.

दोर तयार झाला. सुरुवातीच्या टोकाला रिवाजाप्रमाणे लाल दोरा गुंडाळला. बुधवारी दुपारी रंगारी येऊन दोर खांद्यावर टाकून निघाला, तेव्हा आतून उलटेरावांनी आरडाओरडा मांडला. नाही, नाही, नाही. डाव्या हाताने खाटेची पट्टी बडवत होते. वहिनी धावल्या. भांडं दिलं, नाही. पाणी दिलं, ते ढकलून दिलं. उशी बदलली. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, काय हवंय तरी काय?" उलटेरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या पापणीखालून पाणी आलं, ते वहिनींनी पदराने टिपलं. आजारपणात माणूस हळवा होतो, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

तर गुरुवार. सकाळचे दहा वाजलेले. वहिनी नवऱ्याची दाढी करत होत्या. एक गाल झाला. दुसऱ्या गालाला फेस लावलेला. खोलीचं दार शेडकडे उघडं होतं आणि उलटेराव त्या दारातून बाहेर टक लावून बघत होते. "नाही," ते म्हणाले. ओरडून नाही, अगदी शांतपणे. दमलेल्या मास्तरांनी ढ मुलाला शेवटचं सांगावं तसं. वहिनींनी त्यांच्या नजरेच्या रेघेने बघितलं. तुळई. तुळईशेजारी भिंतीला खुंटी. खुंटीला फळी टांगलेली. आणि फळीपासून भिंतीपर्यंत कोळ्याने विणलेलं एक जाळं, चांगलं जुनं, धुळीने जड झालेलं.

वहिनींनी वस्तरा पाण्याच्या वाडग्यात ठेवला. मग तो वाडगा कुठे ठेवला, ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. माणूस भिंतीपलीकडून सगळं ऐकत होता. चाक फिरल्याचं त्याने ऐकलं, तुळई करकरल्याचं त्याच्या कानावर आलंच नाही. काल तो पाणी मागत नव्हता. "वन्सं, ह्यांचा एक गाल राहिलाय," एवढंच त्या बोलल्या आणि पायात येईल ती चप्पल घालून बाहेर पडल्या. एक स्वतःची, एक नणंदेची.

पोस्ट काही फार लांब नव्हतं. एरवी वीस मिनिटं. रस्त्यात भाजीच्या गाड्या उभ्या होत्या, शाळेची बस वळत होती, कुणीतरी नव्या फ्रीजचं खोकं मधोमध ठेवून त्याच्याशी वाद घालत होतं. धावणाऱ्या जाड बाईकडे लोक बघतात, तसे बघत होते. वहिनींच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. तिसरा खांब म्हणजे अर्ध्याच्या जरा अलीकडे. लाल टोक वर बांधलं असेल तर ती जागा गच्चीपासून तीन मजले खाली येते. रंगारी वरून खाली रंगवत येतो. त्याची फळी जिथे असेल, तिथपर्यंतच्या दोरावर त्याचं वजन. तो ती जागा ओलांडून खाली उतरला, की वजन त्या जागेवर.

इमारतीपाशी पोचून त्यांनी वर बघितलं. रंगारी पाचव्या मजल्याशी होता, पाय लोंबकळत, हातात ब्रश. खाली वाहनांचा इतका गोंगाट होता, की हाका मारून उपयोग नव्हता. आणि हाक ऐकून तो झटक्यात वळला असता तर? रखवालदाराला त्यांनी गच्चीवर जायचंय म्हणून सांगितलं. लिफ्ट दुरुस्तीला काढलेली होती. रखवालदार कोण तुम्ही, कशाला, असं विचारत होता तेव्हा वहिनी पहिल्या जिन्याच्या वळणावर होत्या.

सात मजले. गुडघे आधीच कामातून गेलेले. दुसऱ्या मजल्यावर छातीत कळ आली. तिसऱ्यावर कठड्याला धरून उभं राहावंसं वाटलं, त्या राहिल्या नाहीत. आणि तिथे कुठेतरी त्यांच्या लक्षात आलं, की ओठ हलताहेत. पायाला ठेका लागतो, ठेक्याला शब्द लागतात, आणि अंगात जे शब्द होते ते आपोआप वर आले होते. हाताला बळ दे, पिळाला ताण दे. वहिनींना स्वतःचाच संताप आला. मी मागत नाहीये, त्यांनी मनात बजावलं. मी फक्त चढतेय. पाय चढत राहिले आणि ओठ हलत राहिले. पाचव्या मजल्यावर त्यांनी नाद सोडला. चढणं आणि भांडणं दोन्ही एकदम करायला फुप्फुसं पुरत नव्हती. हा दोर ज्याच्या हाती गेलाय, त्याला संध्याकाळी घरी आण, त्या म्हणाल्या, आणि तेव्हा मात्र त्या खरोखर म्हणाल्या. बाकी आपलं नंतर बघू.

गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या लोखंडी खांबाला दोर बांधलेला. लाल टोक वरच होतं. कठड्यावरून दोर ताठ खाली गेला होता. वहिनी कठड्याशी गुडघ्यावर बसल्या आणि आधी त्यांनी दोन्ही हातांनी दोर धरला. धरून काय होणार होतं? एका बाईच्या हातांनी तो माणूस थोडाच पेलणार होता? पण धरल्याशिवाय राहवलं नाही. दोराची थरथर तळव्यांना लागली. माणूस होता त्याच्यावर, जिवंत, हलकी शीळ वाजवत.

मग त्यांनी वाकून, चाकापाशी बसून बोलायच्या त्याच आवाजात हाक दिली. "रंगारीदादा. हलू नका. गाठीला हात लावू नका."

त्याचा हात गाठीशीच गेलेला होता. खाली सरकायची वेळ झाली होती. तो हात तसाच थांबला. त्याने हळूच वर बघितलं, चष्म्यावर रंग, त्यातून वहिनींचं तोंड त्याला कितपत दिसलं कोण जाणे. का, असं त्याने विचारलं नाही. दोरवालीण गच्चीवर येऊन दोर धरून बसते, तेव्हा विचारायचं नसतं, एवढं तीस वर्षांत त्याला कळलेलं होतं.

"वर येऊ?" तो म्हणाला.

"नको. हिसका बसेल. समोरच्या खिडकीतून आत जा."

खिडकी बंद होती. त्याने काचेवर टिचक्या मारल्या. पुष्कळ वेळाने एका म्हाताऱ्या बाईंनी ती उघडली, आणि वर वहिनींना नीट ऐकू आलं, की त्या बाई त्याला बूट काढायला सांगताहेत. नुकतीच फरशी पुसलीय म्हणाल्या. पाच मजले उंचीवर दोराला टांगलेल्या त्या माणसाने, एक हात खिडकीच्या चौकटीला, एका हाताने एकेक बूट काढला. मग दोर सैल पडला. वहिनींच्या हातातून तो सुटेना. बोटं वळून बसली होती. रंगारी अनवाणी गच्चीवर आला आणि त्याने एकेक बोट उघडून ती सोडवली.

परत येताना दोर त्याच्याच खांद्यावर होता. पोस्टाचा कोपरा गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "मी त्यावर बसले नव्हते." रंगाऱ्याने दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला. म्हणाला, "बघू या मग."

शेडमध्ये नणंदबाई दारातच उभ्या. तुम्ही गेलात आणि ह्याने घर डोक्यावर घेतलं, म्हणाल्या, शेवटी शेजाऱ्यांना बोलावून खुर्चीसकट बाहेर आणला तेव्हा गप्प झाला. उलटेराव चाकाशेजारी खुर्चीत होते. दुसरा गालही झाला होता, हनुवटीवर कापल्याची खूण आणि कापूस चिकटवलेला. त्यांनी आधी रंगाऱ्याकडे बघितलं, डोक्यापासून अनवाणी पायांपर्यंत. मग वहिनींकडे. मग खुंटीवरच्या फळीकडे.

वहिनींनी जाळं झाडलं, फळी उतरवली. दोर तुळईवर टाकून हाताने चाचपत ती जागा शोधली. सापडायला वेळ लागला, कारण वरून काहीच कळत नव्हतं. मग बोटांना लागली, किंचित मऊ, ताप उतरलेल्या माणसाच्या मनगटासारखी. ती त्यांनी तुळईच्या खाली वीतभर येईल अशी घेतली. स्टुलावर चढून फळीवर बसल्या. स्टूल रंगाऱ्याने बाजूला काढलं. जमीन साडेचार फूट खाली, चोपून घट्ट केलेली.

दोराने भार घेतला. तुळई करकरली.

आता म्हणायचं होतं. वहिनींनी तोंड उघडलं आणि शब्द येईनात. जिन्यात नको नको म्हणताना आले होते, आता हवेत तर पहिलाच अडला. सहा आठवडे ज्याच्याशी अबोला धरला, त्याच्याशी पहिलं वाक्य कुठलं बोलायचं? आणि खरी अडचण वेगळीच होती, ती त्यांना फळीवर बसल्यावर कळली. पहिल्याच ओळीत भार टाकायचा होता. शब्द सोपे होते, सव्वीस वर्षं म्हणत आल्या होत्या. टाकणं जमत नव्हतं. त्या फळीवर बसल्या होत्या खऱ्या, पण दोन्ही हातांनी वरचा दोर असा आवळून धरला होता, जणू स्वतःला स्वतःच उचलून धरायचं होतं.

रंगारी जमिनीकडे बघत होता.

मग चाकापासून आवाज आला. जाड, घोगरा, पहिले दोन शब्द एकमेकांत मिसळलेले. वहिनींना वाटलं बाहेर कुणी आलं. "देवा, माझा भार तुझ्यावर," उलटेराव म्हणत होते. "हाताला बळ दे, पिळाला ताण दे." बापाने शिकवलेल्या चालीत, प्रत्येक ओळीनंतर तेवढंच थांबून. ज्या तोंडाला सहा आठवड्यांत स्वतःच्या बायकोला हाक मारता आली नव्हती, त्या तोंडातून सबंध प्रार्थना, एक अक्षर न गाळता. त्यांचा चेहरा बघून वाटत होतं, की कुणापेक्षाही जास्त नवल त्यांनाच वाटतंय, पण थांबायचं नाही एवढं कळतंय. तुटायचा असेल तर माझ्याखाली तुटू दे, इथे आले आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू.

वहिनींचे हात केव्हा सुटले, त्यांना कळलं नाही. ते मांडीवर आले.

दुसऱ्या वेळी, पाठीमागचं तू बघ म्हणताना, वर टक् असा आवाज झाला. वाळलेली काडी मोडावी एवढासाच. फळी वीतभर खाली आली आणि थांबली. तीन पेडांतला एक पेड तुटला होता. रंगारी पुढे झेपावला. वहिनींनी तळहात वर करून त्याला थांबवलं. शहाणपण नव्हतं ते, त्यांनाही माहीत होतं; दोर काय आहे ते कळलं होतं, आता उतरायला हरकत नव्हती. पण तो माणूस बोलत होता. आता मधेच हललं आणि तो धागा तुटला, तर तो पुन्हा जोडता येईल की नाही, हे कुणी सांगावं? उरलेल्या दोन पेडांवर वहिनी बसून राहिल्या. फळी सावकाश अर्धा वेढा फिरली, परत आली. तिसऱ्यांदा प्रार्थना पूर्ण झाली. दोन पेडांनी धरलं.

स्टूल आलं. वहिनी उतरल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या. रंगाऱ्याने तुटलेला पेड हातात घेऊन बघितला. मग तोही खाली बसला.

"ती बाई बूट काढायला लावत होती ना," तो म्हणाला, "तेव्हा मनातल्या मनात मी तुम्हाला शिव्या घातल्या, वहिनी."

"घालायलाच हव्या होत्या. चूक माझी."

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. चष्मा काढून शर्टाला पुसला, त्याने रंग आणखी पसरला. उठताना म्हणाला, "नवा केव्हा मिळेल? शनिवारी येऊ?"

तो गेल्यावर वहिनी उलटेरावांच्या खुर्चीपाशी गेल्या. नणंदबाई भावाच्या पाठीवर हात फिरवत रडत होत्या आणि बोल रे, अजून बोल, म्हणत होत्या. वहिनींनी नवऱ्याच्या हनुवटीवरचा कापूस काढला. "पाणी देऊ?" त्यांनी विचारलं.

उलटेरावांनी तोंड उघडलं, शब्द शोधला. डोळे ताणले गेले. "नाही," ते म्हणाले.

वहिनींनी पाणी आणलं. ते सगळं प्यायले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. असं पुष्कळांचं होतं म्हणाल्या. लहानपणी पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहतं, बोलणं गेलं तरी ते टिकतं. यापुढे किती सुधारेल, ते मात्र सांगता येणार नाही. वहिनींनी मान डोलवली. कप्प्याबद्दल त्यांना एक गोष्ट विचारायची होती, पण ती डॉक्टरीणबाईंना विचारण्यासारखी नव्हती. ती त्यांनी जिथे विचारायची तिथे विचारली, घरी येताना बसमध्ये. उत्तर आलं नाही. पण अबोला मोडला होता, आणि तोही त्यांनीच मोडला, हे त्यांनी त्यालाही ऐकवून ठेवलं.

पण ते पुढचं. त्याआधी शुक्रवार आला. सकाळीच वहिनींनी उलटेरावांना खुर्चीत बसवलं, कलंडू नयेत म्हणून कमरेला चादर बांधली आणि खुर्ची चाकाशी आणली. डावा हात उचलून चाकाच्या दांड्यावर ठेवला. "मागचं तुम्ही बघायचं," त्या म्हणाल्या. "काही दिसलं तर चाक थांबवा. मला हातात कळेल."

कमरेला वाखाचा पेंढा बांधून, टोक आकड्याला अडकवून त्या उभ्या राहिल्या. चाक फिरलं. डाव्या हाताचं फिरवणं, अडखळतं, दर फेरीला एक उचकी. पण पीळ बसत होता. वहिनी एकेक पाऊल मागे जाऊ लागल्या. समोर चाक, चाकामागे नवऱ्याचं अर्धं ओघळलेलं तोंड, आणि त्यातले दोन डोळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडे लागलेले. पहिला खांब गेला. दुसरा. तिसऱ्याजवळ मानेला खाज सुटल्यासारखं झालं. मानेलाच वळावंसं वाटत होतं, वहिनींना न विचारता. पुढचं मी बघते, त्या पुटपुटल्या, आणि चिमूट घट्ट ठेवली.

चिमटीतली फिरकी मेली. चाक थांबलं होतं. वहिनी होत्या तिथे उभ्या राहिल्या. पाठीमागे पावलं वाजली, पाणी हिंदकळलं.

"बादली का?" वहिनींनी न वळता विचारलं.

"नाही," उलटेराव म्हणाले.

मागून नणंदबाईंचा आवाज आला, की घरात फरशी पुसायचीसुद्धा चोरी झालीय आता. बादलीची कडी वाजली आणि पावलं बाजूला गेली. चाक पुन्हा फिरू लागलं. वहिनींनी पुढचं पाऊल मागे टाकलं.